‘जाऊ एकदा घोडेगावला’ : चालढकलीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्नर-आंबेगावात वेळेवर होणाऱ्या कामांची यादी करायला बसलं तर ती लांबतच जाईल. डेअरीची वेळ गाठायची म्हणून धारा अंधारातच निघतात. टोमॅटो तोडणीला आला की मजूर आदल्या दिवशी सांगून ठेवलेले असतात आणि क्रेट वेळेत नारायणगावच्या बाजाराकडे निघतात. मार्चअखेरीला विकास सोसायटीत कर्जफेडीची गर्दी होते, कारण तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य टक्के पडतं. आणि याच घरांमध्ये वडील जाऊन दहा-दहा वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर नाव वडिलांचंच असतं, वारस नोंद झालेली नसते. विचारलं की उत्तर तयार असतं, ‘जाऊ एकदा घोडेगावला’, नाहीतर ‘जुन्नरला चक्कर झाली की करून टाकू’; ही दोन्ही इथली तालुक्याची ठिकाणं. एकच माणूस एका कामात इतका चोख आणि दुसऱ्यात इतका ढिला कसा, हा प्रश्न नीट विचारला तर चालढकलीबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती टिकत नाहीत. काम रखडण्याचं मूळ बहुतेक वेळा माणसाच्या स्वभावापेक्षा कामाच्या मांडणीत सापडतं, आणि मांडणी बदलता येते, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

गैरसमज 1 : चालढकल म्हणजे आळस

आळशी माणसाला काम करायचंच नसतं आणि न केल्याचं त्याला फारसं काही वाटतही नाही. चालढकल करणाऱ्याला काम करायचं असतं, न केल्यास तोटा होईल हेही ठाऊक असतं. तरी तो ते लांबवतो आणि मनात टोचणी घेऊन दुसऱ्याच कामात गुंतून राहतो. अभ्यासकांची व्याख्याही हीच सांगते : नुकसान दिसत असताना ठरवलेलं काम आपणहून पुढे ढकलणं. वारस नोंद लांबवणारा शेतकरी त्या दिवशी ओट्यावर बसून नसतो, कांद्याच्या वाफ्यात राबत असतो. ‘इकडची माणसंच ढिली’ असं म्हणणाऱ्याने मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहावं. 1890च्या सुमारास सुरू झालेल्या या व्यवसायातले बहुसंख्य लोक जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी याच पट्ट्यातून गेलेले. घरून डबा उचलणारा एक, स्टेशनावर वर्गवारी झाल्यावर गाडीतून नेणारा दुसरा, कचेरीत पोचवणारा तिसरा. डब्यावरच्या खुणांवरून तो कुठे उतरवायचा, कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर न्यायचा, हे कळतं. प्रत्येक टप्प्यावर पुढचा गडी उभा असतो आणि लोकल कुणासाठी थांबत नाही. अशा चोख माणसाच्या गावाकडच्या जमिनीवरही आजोबांचं नाव असू शकतं. माणूस तोच आणि वकूबही तोच; डब्याची वाट पाहणारा माणूस मात्र आहे, वारस नोंदीची वाट कुणीच पाहत नाही.

गैरसमज 2 : वेळ मिळत नाही, म्हणून काम राहतं

शेतीच्या हंगामात वेळेची ओढाताण खरीच असते. पण ज्या कामाला मिळून काही तास लागतात ते दहा वर्षं रखडतं, तेव्हा वेळेचं कारण पुरत नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी 2007 मध्ये चालढकलीवरच्या तोवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. तिचं घट्ट नातं दिसलं ते कामाच्या तिटकाऱ्याशी, फळ उशिरा मिळण्याशी, ‘आपल्याला जमेल’ या विश्वासाच्या अभावाशी आणि उतावळेपणाशी. ‘मला सगळं अगदी बिनचूक लागतं, म्हणून उशीर होतो’ हे अनेकांचं आवडतं कारण मात्र त्या आढाव्यात फारसं तग धरू शकलं नाही. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी 2013 मध्ये याची आणखी एक बाजू मांडली. नकोशी भावना टाळायची म्हणून माणूस काम टाळतो. टाळल्याबरोबर त्याला हलकं वाटतं आणि त्या हलकेपणामुळेच टाळण्याची सवय पक्की होते.

वारस नोंदीकडे या नजरेने पाहिलं की घोंगडं का भिजत पडतं ते कळतं. लागणारे कागद मोजके आहेत : अर्ज, मृत्यूचा दाखला, आणि सगळ्या वारसांची नावं, पत्ते व मृताशी नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र. तलाठ्याकडे वारस नोंदवहीत नोंद होते, मग फेरफार निघतो, नोटीस लागते, हरकतीसाठी 15 दिवस जातात आणि मंडल अधिकारी तो मंजूर करतात. ‘ई-हक्क’ प्रणालीवर अर्ज घरबसल्याही भरता येतो. अवघड असतो तो अर्जातला वारसांच्या नावांचा रकाना, कारण तिथे बहिणींची नावं लिहायची असतात. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्ये केली, केंद्राने 2005 मध्ये. नावं लिहिली की हक्कसोड पत्राचा विषय निघणारच. वर्षश्राद्ध व्हायच्या आत तो काढायचा कुणी? थोरल्याने काढला तर ‘याचा जमिनीवर डोळा’, धाकट्याने काढला तर ‘याला वाटणीची घाई’. तेव्हा ‘दिवाळीनंतर बघू’ असं म्हटलं की सगळ्यांनाच हायसं वाटतं. खरं पाहता टाळलं जातं ते बहिणीशी करायचं बोलणं. तलाठी कार्यालयाची फेरी त्याबरोबर आपोआप टळते.

गैरसमज 3 : उशिरा केलेलं प्रत्येक काम म्हणजे चालढकल

तसं असतं तर बराखीत कांदा साठवणारा प्रत्येक शेतकरी दोषी ठरला असता. उन्हाळी कांदा काढून बराखीत भरायचा आणि भावाची वाट पाहायची, हा हिशोब आहे. त्यात वजनातली घट आणि सड दोन्ही धरलेली असतात. वापसा येईपर्यंत पेरणी थांबवणं हे शहाणपण आहे. बिबट्याच्या वावरामुळे उसाला रात्री पाणी द्यायला न जाणं ही सावधगिरी आहे, आणि म्हणूनच या भागातले शेतकरी दिवसा वीज मागतात. ई-पीक पाहणीत मोबाइलवरून शेतातल्या पिकाचा फोटो चढवायचा तर डोंगराकडच्या गावांत आधी रेंज मिळायला हवी. आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावातून घोडेगाव गाठायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि तिथे साहेब दौऱ्यावर असले तर तेवढाच खर्च पुन्हा. या उशिरांना चालढकल म्हणणं अन्यायाचं आहे, कारण अडथळा माणसाच्या बाहेर आहे.

दोन्हींतला फरक ओळखायची सोपी कसोटी आहे : आपण कशाची वाट पाहत आहोत आणि ते घडलं की काय करणार, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘अमुक भाव आला की विकणार’ हे थांबणं झालं. तीच बराखी चालढकलीचं घरही होऊ शकते. कांद्याला मोड दिसू लागले, खालून वास यायला लागला, तरी बराखी उघडून निवड करायचं काम लांबवलं जातं, कारण उघडली की नुकसान डोळ्यांनी पाहावं लागणार. तेव्हा वाट भावाची उरलेली नसते आणि सडका कांदा शेजारच्या चांगल्या कांद्याला लागत जातो.

गैरसमज 4 : ऐनवेळच्या दडपणाखाली काम चांगलं होतं

ही समजूत टिकते, कारण ऐनवेळी निभावलेले प्रसंग आपण कौतुकाने सांगतो आणि बिघडलेले विसरतो. डायन टाइस आणि रॉय बॉमाइस्टर यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची सत्रभर पाहणी करून 1997 मध्ये निष्कर्ष मांडले. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणाऱ्यांना ताण आणि आजारपणं कमी होती, म्हणजे लांबवण्याचा फायदा खरोखर मिळत होता. सत्र संपत आल्यावर चित्र उलटलं. एकूण हिशोबात त्यांचा ताण आणि आजारपण जास्त भरलं आणि गुणही कमी पडले. सुरुवातीची मोकळीक शेवटी महागात पडली.

शिवाय परीक्षेला निदान तारीख तरी असते. आयुष्यातली बरीच महत्त्वाची कामं बिनतारखेची असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे जमिनीतला हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो कळवायचा असतो, पण ती मुदत उलटल्याची घंटा कुणाच्या दारात वाजत नाही. घंटा वाजते ती दुसऱ्याच्या सोयीने : रस्त्याच्या भूसंपादनाचा मोबदला वाटायला निघतो, बँक कर्जासाठी चालू सातबारा मागते, गारपिटीची मदत खातेदाराच्या नावावर येते आणि खातेदार हयात नसतो. दरम्यान एखादा भाऊ गेलेला असतो, त्याची बायको आणि मुलं वारसांत आलेली असतात, एक पुतण्या मुंबईत तर दुसरी पुतणी सुरतेला. तीन सह्यांचं काम दहा सह्यांवर जातं. इथे दडपणाखाली काम चांगलं होत नाही. ते जास्त माणसांचं, जास्त खर्चाचं आणि जास्त भांडणाचं होऊन बसतं.

गैरसमज 5 : टोचून बोललं, फायदे समजावले की माणूस कामाला लागतो

ज्याला काम न केल्याची आधीच लाज वाटते त्याला आणखी लाजवलं तर टाळण्याची भावना वाढते. मायकेल व्होल आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या 2010 च्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. फायदे समजावण्याचंही असंच आहे : लसीचा किंवा खताचा उपयोग बहुतेकांना ठाऊक असतो. राजस्थानात उदयपूरच्या ग्रामीण भागातल्या प्रयोगात, ज्या गावांत काहीच वेगळं केलं नाही तिथे 6 टक्के बालकांचं लसीकरण पूर्ण झालं होतं. ठरलेल्या दिवशी हमखास भरणारी शिबिरं घेतली तिथे 18 टक्के, आणि शिबिराबरोबर दर वेळी किलोभर डाळ व लसीकरण पूर्ण झाल्यावर थाळ्या दिल्या तिथे 39 टक्के. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध केले. पश्चिम केनियात ‘पुढच्या हंगामाला खत घेऊ’ म्हणणारे बरेच शेतकरी प्रत्यक्षात घेत नसत. सुगीनंतर लगेच, हाती पैसा असताना, विकत घेतलेलं खत घरपोच आणून देण्याचा खर्च माफ करणारी मुदतबंद सवलत ठेवल्यावर त्यांतले अधिक जण घेऊ लागले.

यावर हरकत घेतली जाते की असे चोचले पुरवले तर लोक सोकावतील. पण मनातून लस नकोच असलेली आई किलोभर डाळीसाठी मत बदलेल, हे पटत नाही. डाळीने ‘पुढच्या वेळी बघू’ला उत्तर दिलं : आज येण्याचं काहीतरी कारण हातात ठेवलं. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. स्वभावाचा भाग असतोच. जुळ्यांच्या अभ्यासांत चालढकलीच्या प्रवृत्तीतला सुमारे निम्मा फरक आनुवंशिक दिसला आहे. हे मान्यच करायला हवं, आणि उदयपुरात सगळं करूनही निम्म्याहून अधिक बालकांचं लसीकरण अपुरं राहिलं हेही. तरीही स्वभाव पुढच्या आठवड्यात बदलणार नसतो, तारीख मात्र आज ठरवता येते. अमेरिकेतल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लसीसाठी दिवस आणि वेळ स्वतः लिहायला सांगितली, तेवढ्यानेच लस घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 33 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर गेलं. वाढ लहान आहे, पण तिला खर्च एका ओळीचा आला.

बुलढाण्यात आधी राबवलेली आणि एप्रिल 2025 पासून राज्यभर घेतलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम याच दिशेची आहे. मयत खातेदारांच्या यादीचं गावात चावडीवाचन, मग वारसांनी कागद द्यायचे, मग ठरलेल्या मुदतीत फेरफार. बिनतारखेच्या कामाला तिने तारीख दिली, आणि वडिलांचं नाव चावडीवर वाचलं गेल्यामुळे विषय काढण्याचं ओझं कुठल्याच भावावर राहिलं नाही. घरातही हेच करता येतं. काम लहान तुकड्यांत मोडावं, पहिल्या तुकड्याला दिवस आणि माणूस नेमावा, आणि तो तुकडा टोचणाऱ्या जागेचाच निवडावा. वारस नोंदीत म्हणजे आधी बहिणीला फोन, दाखला आणि प्रतिज्ञापत्र नंतर. ‘हा करतच नाही’ या तक्रारीच्या जागी ‘याचं नेमकं कुठे अडतंय’ हा प्रश्न आला तर उत्तर सापडायला फार वेळ लागत नाही, आणि बहुतेक घरांत ते घोडेगाव किंवा जुन्नरपेक्षा बरंच जवळ असतं.