चौकट : रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांना दोन जागा लागतात

ओहोटीची जागा : ठाणे खाडीचं पाणी ओसरलं की चिखलपट्टे उघडे पडतात. छोटा रोहित चोच उलटी धरून चिखलपाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो.

भरतीची जागा : पट्टे बुडाले की थवे उथळ, मोकळ्या पाणथळींवर विसाव्याला येतात. नवी मुंबईतले नेरुळचे डीपीएस तळे (सुमारे ३० एकर) ही अशीच एक जागा.

संरक्षण मिळालेले : २०१५ मध्ये खाडीचा १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरचे हे राज्यातले तिसरे रामसर स्थळ.

कायद्याचा आधार : २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला बंदी घातली.

राहिलेली फट : विसाव्याच्या अनेक पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे भराव पडला किंवा भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजली, की तळं आटतं आणि थवे उघड्यावर पडतात. डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. उरलेल्या पाणथळींनाही हेच कवच हवे, आणि ते भराव पडण्याआधी हवे.