नॉर्टन कमांडो : दोष आराखड्याचा की हाताळणीचा?

सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश मोटरसायकली तेल गळतात, त्यांचं वायरिंग दगा देतं आणि त्या हादरतात, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. या म्हणण्याला आधार आहे. तरीही ब्रिटनच्या सेकंड हँड बाजारात नॉर्टन कमांडो रोडस्टर शोधणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण हा लौकिक कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाडीचा आहे. आज विक्रीला असलेली कमांडो निदान पंचेचाळीस वर्षं कुणाकुणाच्या हाताखालून गेलेली असते. तिची प्रकृती मूळ आराखड्यापेक्षा या हातांनी जास्त ठरवलेली आहे, आणि खरेदी करणाऱ्याने तपासायचं ते या हातांचं काम.

हादऱ्याचंच घ्या. कमांडो १९६७ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली आणि १९७७ पर्यंत बनत राहिली. रोडस्टर हे तिचं रूप १९७० पासूनचं. तिचं दोन सिलिंडरांचं इंजिन १९४९ च्या डॉमिनेटरच्या वंशातलं. त्यात दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात. मूळचं ४९७ सीसीचं हे इंजिन ७४५ सीसीपर्यंत वाढल्यावर त्याची थरथर चालवणाऱ्याला सोसवली नसती. म्हणून नॉर्टनच्या अभियंत्यांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंगआर्म एकत्र जोडून तो सगळा भाग रबरी आधारांवर बसवला. या रचनेला आयसोलास्टिक म्हणतात. तिचा परिणाम असा की उभ्या गाडीत इंजिन संथ चालू असताना हँडल आणि पुढचं चाक डोळ्यांना दिसेल इतकं थरथरतं, आणि मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास ती थरथर विरून जाते. उभ्या गाडीची थरथर पाहून परत फिरणारा खरेदीदार चांगली गाडी सोडून जातो. उलट उभी असताना शांत आणि वेगात मुंग्या आणणारी गाडी संशयास्पद, कारण तिचे आधार फार घट्ट बसवलेले असतात. फार सैल असतील तर गाडी वळणावर डुलते. हा मोकळेपणा इंचाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. सुरुवातीच्या गाड्यांत तो पातळ चकत्या घालून जुळवावा लागे. ते काम किचकट असल्यामुळे अनेकांनी टाळलं. १९७५ च्या मार्क ३ मध्ये आटे फिरवून जुळवण्याची सोय आली. म्हणून निर्णय उभ्या गाडीवर घेऊ नये, रस्त्यावर चालवूनच घ्यावा.

निळ्या धुराबद्दलचा गैरसमज याहून महागात पडतो. कमांडोचं तेल इंजिनाखाली साठत नाही, वेगळ्या टाकीत असतं. गाडी काही आठवडे उभी राहिली की ते पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं, आणि सुरू करताच धुराचा लोट निघतो. रिंगा गेल्या असा निष्कर्ष लगेच काढला जातो. प्रत्यक्षात पंप ते तेल परत टाकीत नेतो आणि काही मिनिटांत धूर थांबतो; गरम झाल्यावरही थांबला नाही तरच काळजी करावी. याच झिरपण्यावर उपाय म्हणून काहींनी तेलाच्या नळीत तोटी बसवली. ती उघडायला एकदा विसरलं तरी इंजिन तेलाविना फिरून जाम होतं. मूळ दोषाने नुसता धूर निघाला असता, सुधारणेने इंजिन जातं. गळतीचंही तसंच आहे. दोन्ही पिस्टन एकदम खाली आले की क्रँककेसमधली हवा दाबली जाते. ब्रीदरची वाट तुंबलेली असेल तर तो दाब तेलाला सांध्यांतून बाहेर ढकलतो, आणि मालक मात्र गॅस्केटवर गॅस्केट बदलत बसतो.

वायरिंगबद्दल विद्युत भाग पुरवणाऱ्या लुकास कंपनीला अजूनही बोल लावले जातात. इतक्या वर्षांनी अंधार होतो तो बहुधा गंजलेल्या जोडण्यांमुळे आणि रंगाच्या थराखाली गेलेल्या अर्थिंगमुळे. शिवाय या गाडीत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असते. हे न जाणता कुणी बॅटरी उलटी जोडली, तर विद्युत भाग जळतात.

यावर रास्त आक्षेप असा की कारखान्याचे दोषही खरे होते. होतेच. १९७२ च्या कॉम्बॅट इंजिनात दाबाचं प्रमाण १० ला १ पर्यंत वाढवलं आणि क्रँकची मुख्य बेअरिंगं ते सोसू शकली नाहीत. कंपनीला सुपरब्लेंड नावाची वेगळी बेअरिंगं घालावी लागली. गिअरबॉक्समधलं लेशाफ्टचं बेअरिंगही बदनाम आहे. मात्र हे दोष आणि त्यांचे उपाय कधीचेच माहीत आहेत, आणि सुटे भाग अँडओव्हर नॉर्टनकडे नवे मिळतात. नॉर्टनचं नाव २०२० साली आपल्या टीव्हीएसने घेतलं म्हणून जुन्या गाडीचे भाग बंद झाले, असं मुळीच नाही. म्हणून ‘सगळं मूळचं आहे’ ही जाहिरात मला धोक्याची वाटते. मूळचं बेअरिंग म्हणजे न बदललेलं बेअरिंग. संग्राहकाला इंजिन आणि सांगाड्याचे जुळणारे क्रमांक हवेत हे समजण्यासारखं आहे, आणि त्याने त्याची वेगळी किंमत जरूर मोजावी. चालवायला गाडी घेणाऱ्याने मात्र समजून केलेल्या बदलांना जास्त मोल द्यावं.

हे काम कसं झालं ते नट सांगतात. या गाडीत व्हिटवर्थ, सायकल थ्रेड आणि अमेरिकी मापं एकत्र नांदतात. कुणी मेट्रिक पाने चालवले असतील तर नटांचे कोपरे गोल झालेले दिसतात, आणि जिथे बाहेरचे नट असे आहेत तिथे आतलं काम बरं असेल असं मानायला जागा नाही. किलोमीटरचा, म्हणजे तिथे मैलांचा, आकडा विसरावा, कारण इतक्या वर्षांत मीटर सहज बदललेला असतो. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न झालेल्या वाहनांना एमओटी तपासणीची सक्ती नाही. ही सूट म्हणजे गाडी धडधाकट असल्याचा दाखला नव्हे. तिथलं नोंदणीपत्रही मालकीचा पुरावा मानलं जात नाही, म्हणून खरेदीची पावती मागावी. सुरुवातीच्या काही गाड्यांच्या टाक्या फायबरग्लासच्या आहेत. इथेनॉल त्यांच्या आतल्या थराला खातं, आणि २०२१ पासून ब्रिटनच्या साध्या पेट्रोलमध्ये ते १० टक्क्यांपर्यंत असतं. टाकीत हात लावून चिकटपणा पाहावा. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावं की गाडी थंड हवी, कारण इंजिन गरम करून ठेवलं की थंड असताना ते पहिल्या किकला काय करतं हे लपून राहतं. आणि क्रँक, गिअरबॉक्स, आयसोलास्टिक यांच्या कामाची बिलं दाखवता आली नाहीत, तर रंग कितीही ताजा असो, इंजिन पूर्ण खोलावं लागणार असं धरून तेवढा खर्च किमतीतून वजा करावा.