हार्ड डिस्क फॉरमॅट करताय? आधी घरचे दप्तर सांभाळा!

पूर्वी आपल्या घरोघरी पत्र्याची एक पेटी असे. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, घरभाड्याच्या पावत्या, लग्नाचे फोटो, सारे त्या पेटीत. पावसाळ्यात घर गळू लागले की आई आधी ती पेटी उचलून कोरड्या जागी ठेवी. आज त्या पेटीचे काम हातात मावणारी एक डबी करू लागली आहे. तिचे नाव एक्स्टर्नल हार्ड डिस्क. मुलांची गुणपत्रके, दाखल्यांच्या स्कॅन प्रती, आजी-आजोबांचे फोटो तिच्यात असतात. पण ही डबी एका बटणासरशी रिकामी होते! म्हणून 'फॉरमॅट' म्हणजे काय, हे घरातल्या प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे. 'पोराला कळते' म्हणून सारे त्याच्यावर सोपवून चालणार नाही.

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात ५० मोठ्या तबकड्या होत्या आणि सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाईलवर काढलेला एक फोटोसुद्धा एवढी जागा घेतो. साधन लहान झाले, पण जबाबदारी लहान झाली नाही.

फॉरमॅट म्हणजे काय?

कचेरीतली नोंदवही डोळ्यांपुढे आणा. कोरी वही आली की आपण पानांना आकडे घालतो, रकाने आखतो आणि सुरुवातीला अनुक्रमणिकेसाठी जागा सोडतो. डिस्क फॉरमॅट करणे म्हणजे अशीच वही आखणे. आखणीच्या पद्धती मुख्यतः तीन. 'फॅट ३२' ही जुनी. तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल मावत नाही. लग्नाची लांबलचक चित्रफीत येथेच अडते. 'एनटीएफएस' ही विंडोजची पद्धत. मात्र अॅपलच्या संगणकावर ती वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. 'एक्सफॅट' २००६ साली आली. ती दोन्हीकडे चालते. घरचा संगणक विंडोजचा असेल तर एनटीएफएस निवडा. डिस्क निरनिराळ्या संगणकांवर न्यायची असेल तर एक्सफॅट बरी.

१ टीबीची डिस्क लावल्यावर संगणक ९३१ जीबीच दाखवतो. दुकानदाराने फसवले असे समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. एवढाच हिशेबाचा फरक.

कृती कशी करावी?

१) डिस्कवरचे सारे आधी दुसरीकडे उतरवून घ्या. उतरवलेल्या चार-पाच फाइली उघडून पाहा. नुसती नावे दिसली म्हणजे काम झाले असे नव्हे.

२) बाकीचे पेन ड्राइव्ह काढून ठेवा. 'धिस पीसी'मध्ये डिस्कचे नाव आणि आकार दोनदा वाचा. चुकीचा ड्राइव्ह निवडला तर दुसऱ्याच फाइली जातात.

३) त्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून 'फॉरमॅट' निवडा. पद्धत ठरवा, नाव द्या, मग 'स्टार्ट' दाबा. सूचना येईल, ती वाचूनच 'ओके' करा. फॉरमॅटमध्ये गेलेल्या फाइली 'रिसायकल बिन'मध्ये सापडत नाहीत.

४) काम झाल्यावर 'इजेक्ट' करूनच वायर काढा.

'क्विक' आणि पूर्ण फॉरमॅट यांतला भेद

'क्विक फॉरमॅट' फक्त नवी अनुक्रमणिका लिहिते. मागच्या पानांवरचा मजकूर बऱ्याच अंशी तसाच राहतो. त्यामुळे चुकून फॉरमॅट झालेच तर त्या डिस्कवर नवे काहीही न टाकता ती जाणकाराकडे न्यावी. मजकूर परत मिळण्याची आशा असते. पण हीच गोष्ट उलटही लागू पडते. जुनी डिस्क विकताना क्विक फॉरमॅटवर भागवले, तर घेणारा तुमचे आधारकार्ड, पासबुक आणि लेकीबाळींचे फोटो पुन्हा वर काढू शकतो. विकण्यापूर्वी 'क्विक फॉरमॅट'वरची खूण काढा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळीकडे शून्ये लिहिली जातात. मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात. वीज जाण्याची वेळ टाळून बसा.

हा धोका ओळखा

कधी कधी आपली भरलेली डिस्क लावल्यावरच संगणक विचारतो, 'फॉरमॅट करायची का?' तेथे घाबरून 'हो' म्हणू नका. 'कॅन्सल' दाबा. वायर बदला, दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा लावाल तेवढी ती बिघडेल.

बंधू-भगिनींनो, एक दाखला पुन्हा काढायचा तर किती दिवसांचा रोज बुडतो आणि किती खिडक्यांपुढे उभे राहावे लागते, हे तुम्हांला सांगायला नको. दाखला निदान पुन्हा मिळतो. वारलेल्या आजीचा एकुलता एक फोटो कोणत्या कचेरीतून मिळणार? म्हणून महत्त्वाचे दप्तर दोन ठिकाणी ठेवा, मूळ कागद पेटीतच राहू द्या, आणि येत्या रविवारी घरातल्या मुलींना व सुनांनाही शेजारी बसवून ही कृती करून दाखवा.