चढावरील प्रस्थान आणि क्लचमधील उष्णता

चढावर थांबलेली मोटारगाडी मागे न घसरता पुढे काढणे ही केवळ हातापायांच्या सवयीची बाब मानली जाते. वस्तुतः तो ऊर्जेच्या वाटणीचा प्रश्न आहे. आणि या दृष्टीने पाहिले असता, क्लच जितका सावकाश सोडावा तितका तो जपला जातो, ही रूढ समजूत चढावर टिकत नाही.

अंतर्ज्वलन एंजिन शून्य वेगापासून काम करू शकत नाही. फेऱ्या ठराविक मर्यादेखाली गेल्या की ते बंद पडते. उलट, थांबलेल्या गाडीची चाके स्थिर असतात. वेगांतील ही तफावत काही काळ सहन करणारा दुवा म्हणजे क्लच होय. त्यातील घर्षणयुक्त तबकडी स्प्रिंगच्या दाबाने फ्लायव्हीलशी धरलेली असते. पेडल दाबले असता पकड सुटते. ते सोडू लागताच तबकडी प्रथम घसरते व अखेरीस फ्लायव्हीलबरोबर फिरू लागते. घसरण चालू असता तबकडीच्या दोन्ही बाजूंस फिरविणारा जोर समान असतो, वेग मात्र भिन्न असतात. म्हणून एंजिनाने दिलेल्या शक्तीचा, वेगांच्या या अंतराच्या प्रमाणातील भाग, उष्णतेत रूपांतरित होतो.

सपाट रस्त्यावर एंजिनाचा वेग स्थिर राखला आणि रस्त्याचा रोध उपेक्षिला, तर पकड पूर्ण होईपर्यंत गाडीस जितकी गतिज ऊर्जा मिळते तितकीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. गाडीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम व पकड पूर्ण होतेवेळचा वेग सेकंदास ३ मीटर धरल्यास ही उष्णता ४,५०० जूल येते. क्लच सावकाश सोडला काय किंवा त्वरेने सोडला काय, तिचे एकूण मान तेच राहते.

चढावर हे समीकरण बदलते. गाडीला मागे ओढणारा गुरुत्वाकर्षणाचा घटक 'च' आणि क्लचमधून चाकांपर्यंत पोहोचणारे स्थिर बल 'ब' मानल्यास, वरील उष्णतेस ब ÷ (ब − च) या गुणकाने गुणावे लागते. 'ब' हे 'च'च्या दुप्पट असल्यास उष्णता दुप्पट, सव्वापट असल्यास पाचपट होते. आणि दोन्ही समान झाल्यास गुणक अनंत होतो. ही शेवटची अवस्था म्हणजेच 'अर्ध्या क्लच'वर गाडी तोलून धरणे. दहास एक या चढावर वरील गाडीसाठी 'च' सुमारे ९८० न्यूटन भरतो. एंजिनाचा वेग तोच ठेवून ती १० सेकंद अशी तोलल्यास सुमारे २९,४०० जूल, म्हणजे सपाटीवरील प्रस्थानाच्या साडेसहापट, उष्णता क्लचमध्ये साठते. आणि गाडी तसूभरही पुढे सरकत नाही.

याचा अर्थ एंजिन वाटेल तितके जोराने फिरवावे असा नव्हे. वेग दुप्पट केल्यास मूळ उष्णता चौपट होते. तसेच क्लचने एंजिनाच्या कुवतीपेक्षा अधिक जोर मागितल्यास फेऱ्या घटून ते बंद पडते. या दोन मर्यादांमधील मार्ग हँडब्रेक दाखवितो. ब्रेकच्या पृष्ठभागांत सापेक्ष गती नसल्यामुळे गाडी धरून ठेवण्यात उष्णता मुळीच निर्माण होत नाही. एंजिनाचा आवाज किंचित खाली येऊन गाडीचे नाक उचलल्यासारखे वाटते, तेव्हा 'ब' हे 'च'च्या जवळ पोहोचलेले असते. त्याच क्षणी ॲक्सिलरेटर थोडा वाढवून हँडब्रेक सोडावा व घसरण लवकर संपवावी.

१९३६ मध्ये स्टुडबेकरने आपल्या गाड्यांत आणलेल्या 'हिल होल्डर'चे तत्त्व हेच होते: चढावर क्लचचे पेडल दाबलेले असेतो ब्रेकमधील दाब टिकून राहत असे. आजच्या इलेक्ट्रॉनिक योजनाही ब्रेक काही क्षण तसाच धरून ठेवतात.

अतितप्त घर्षणस्तराचा घर्षणांक घटतो. त्यामुळे घसरण वाढते आणि वाढलेली घसरण पुन्हा उष्णता वाढविते. घाटात वाहनांची रांग अडली असता पुनःपुन्हा क्लचवर तोललेली गाडी याच चक्रात सापडते. सारांश, गाडी धरून ठेवणे हे ब्रेकचे काम व तिला गती देणे हे क्लचचे. ही वाटणी मोडली की तिचे मोल घर्षणस्तराला द्यावे लागते.