जुनी स्कॉर्पिओ घेताना : पंचवीसशेचे इंजिन की बावीसशेचे?

दिंडोरी तालुक्यात द्राक्षांचा हंगाम सरला की जुन्या गाड्यांचा हंगाम सुरू होतो. बागायतदार नवी गाडी दारात आणतो आणि जुनी विकायला काढतो. ती जुनी गाडी पुष्कळदा स्कॉर्पिओ असते. आणि घेणारे कोण? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वीस वर्षे पाळ्या केलेला कामगार, नुकताच निवृत्त झालेला एस.टी.चा कंडक्टर, नाहीतर दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून उमेदीची वर्षे घालवलेला एखादा तरुण. आपल्या वस्त्यांतून आमच्याकडे सारखी विचारणा होते, "दादा, स्कॉर्पिओचा सौदा जमतोय. पण एकाकडे पंचवीसशेच्या इंजिनाची आहे, दुसऱ्याकडे एमहॉक आहे. कोणती घेऊ?"

हा प्रश्न आम्ही किरकोळ मानत नाही. यात प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा असतो, पतपेढीचे कर्ज असते, कधी घरातल्या बाईच्या गळ्यातले सोने असते. आणखीही एक गोष्ट असते, ती उघडपणे कुणी बोलत नाही. काळ्या काचांची जी गाडी धुरळा उडवीत वस्तीवरून जायची आणि जिला वाट द्यायला आपली सायकल रस्त्याखाली उतरायची, तीच गाडी एक दिवस आपल्या दारात उभी असावी, असे मनात असते. या इच्छेला आम्ही हसणार नाही. मात्र इच्छेच्या भरात हिशेब सुटतो आणि जुन्या गाडीचा दलाल नेमका तिथेच टपून बसलेला असतो.

स्कॉर्पिओ तशी आपल्याच जिल्ह्याची लेक. २००२ साली महिंद्र कंपनीने ती बाजारात आणली ती नाशिकच्या कारखान्यात बनवून. याच कंपनीचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला आहे. नाशिकच्या कितीतरी घरांत या गाडीचा एखादा भाग रोज हाताळणारा माणूस होता आणि आहे. स्वतःच्या हाताने शेकडो गाड्या जोडून बाहेर पाठवायच्या आणि आपल्याला मात्र दहा वर्षे वापरलेली मिळवायलाही जिवाचा आटापिटा करायचा, हा कामगाराच्या आयुष्यातला जुनाच विरोधाभास. असो.

आता मुद्द्याकडे येऊ. २००८ पूर्वीच्या स्कॉर्पिओत २६०९ सीसीचे इंजिन असे. त्या गाड्यांची पंधरा वर्षे भरून गेली आहेत. त्यांचे फेरपासिंग आणि पर्यावरण कर यांचा खर्च पाहता त्यांचा विचार इथे करीत नाही. बाजारात खरी घासाघीस चालते ती सप्टेंबर २०१४ नंतरच्या, नव्या तोंडवळ्याच्या गाड्यांवर. त्यांत दोन वेगळी डिझेल इंजिने आली. सर्वांत स्वस्त एस-२ मॉडेलमध्ये २५२३ सीसीचे इंजिन होते. त्याची ताकद ७५ अश्वशक्ती. वरच्या मॉडेलांत २१७९ सीसीचे एमहॉक बसवले होते, त्याची ताकद १२० अश्वशक्ती. २०१७ च्या नोव्हेंबरात गाडी पुन्हा थोडी बदलली. तेव्हा एस-३ मध्ये तेच ७५ चे इंजिन राहिले, एस-५ मध्ये १२० चे आणि सर्वांत वरच्या एस-११ मध्ये १४० अश्वशक्तीचे एमहॉक आले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम लागू झाला आणि स्कॉर्पिओतून पंचवीसशेचे इंजिन गेले.

इथेच सामान्य गिऱ्हाईक फसते. सीसी जास्त म्हणजे गाडी जोरकस, असा आपला सरळ समज. दलालही बेधडक सांगतो, "बघा साहेब, ही पंचवीसशेची आहे, ती बावीसशेचीच." प्रत्यक्षात मोठे इंजिन कमजोर आहे आणि लहान इंजिन जोरदार आहे. हे कसे?

सीसी म्हणजे चारही सिलिंडरांत मिळून किती जागा आहे त्याचे माप. जागा मोठी असली म्हणून स्वयंपाक जास्त होतो असे नाही. चुलीला वारा किती मिळतो आणि सरपण कसे लावले आहे यावर जाळ अवलंबून. पंचवीसशेच्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे दोन झडपा, म्हणजे एकूण आठ. एमहॉकला एकूण सोळा. त्यामुळे हवा लवकर आत येते आणि जळालेला धूर लवकर बाहेर पडतो. टर्बो दोन्हींना आहे. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. पण एमहॉकच्या टर्बोत धुराला वाट देणाऱ्या पात्यांचा कोन गरजेप्रमाणे बदलतो. त्यामुळे इंजिन हळू फिरत असतानाही हवेचा दाब लवकर तयार होतो. म्हणून गाडीची ओढ, जिला कागदावर टॉर्क म्हणतात, एमहॉकची २८० आणि पंचवीसशेची २००.

ही ओढ कुठे कळते? दिंडोरीहून नाशिकला एकट्याने ड्युटीवर जाताना मुळीच कळत नाही. सरळ सपाट रस्ता, पुढे ट्रॅक्टर, मागे क्रेटने भरलेली पिकअप. अशा रस्त्यावर १२० घोडे असले काय आणि ७५ असले काय, सगळे एकाच चालीने चालतात. पण वणीमार्गे नांदुरीचा घाट चढून सप्तशृंगी गडाकडे भाडे न्यायचे असेल, पेठच्या बाजूला कोटंबी घाट चढायचा असेल किंवा कसाऱ्याच्या घाटातून मुंबई गाठायची असेल आणि गाडीत सातजण, टपावर सामान असेल, तर ७५ चे इंजिन धापा टाकते. खालचा गिअर टाका, पुन्हा खालचा टाका, मागच्या गाडीचे हॉर्न ऐका. ट्रक ओलांडायला निघालात तर समोरून येणारी गाडी अंदाजापेक्षा लवकर जवळ येते. घाटात इंजिनाची ताकद ही चैन नसते, तिथे ती सुरक्षिततेची बाब होते. भरलेल्या गाडीने नित्य घाट करणाराने १२० चेच घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. पंचवीसशेचे इंजिन बोलेरोच्या घराण्यातले. बोलेरो जीप आणि बोलेरो पिकअप गावोगावी पळत असल्याने या इंजिनाला हात लावणारा मिस्त्री दिंडोरीत मिळतो, वणीत मिळतो, पिंपळगाव बसवंतला तर मिळतोच मिळतो. सामानही सहज मिळते. एमहॉकची रचना अधिक नाजूक. तिचा टर्बो गेला, नोझल गेले की खर्चाचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. कॉमन रेल पद्धत दोन्ही इंजिनांत आहे. म्हणजे डिझेल फार मोठ्या दाबाने एका नळीत साठते आणि संगणकाच्या हुकमावर नोझल उघडते. त्यामुळे कॅनमधले पाणीमिश्रित किंवा भेसळीचे डिझेल दोघांनाही सोसत नाही. पण दुरुस्तीची सोय घराजवळ असणे ही तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला मोठीच गोष्ट. डिझेलच्या खर्चाबाबत ड्रायव्हर लोकांचे म्हणणे असे की, इंजिनापेक्षा पाय महत्त्वाचा. जो ॲक्सिलेटर दाबून चालवतो त्याला कोणतेच इंजिन ॲव्हरेज देत नाही. थर्ड पार्टी विम्यातही फरक नाही, कारण दोन्ही इंजिने १५०० सीसीच्या वरच्या एकाच गटात बसतात.

फरक आहे तो किमतीत, आणि तो नीट मांडून पाहावा. समजा, त्याच सालची एमहॉक गाडी एक लाखाने महाग पडते आणि तो लाख कर्जाने उभा करायचा आहे. व्याज १४ टक्के, मुदत चार वर्षे धरली तर त्या एका लाखाचा हप्ता महिना सुमारे २,७३० रुपये येतो आणि फेडीपर्यंत १ लाख ३१ हजार जातात. हे केवळ जास्तीच्या ४५ अश्वशक्तीचे पैसे झाले, गाडीचे अजून वेगळेच आहेत. जो माणूस महिन्यातून चार वेळा गाडी बाहेर काढणार, लग्नकार्याला, दवाखान्याला, वर्षातून एकदा नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार, त्याने हा बोजा का उचलावा? नागपूरला आता समृद्धी महामार्गाने जाता येते. तिथे हलक्या वाहनांना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे खरी, पण उंच बांध्याची जुनी गाडी आणि झिजलेले टायर घेऊन तो वेग गाठण्यात शहाणपण नाही. ऐंशी-नव्वदने चालणाऱ्याला ७५ चे इंजिनही नागपूर दाखवते.

सौद्याला बहुधा पुरुषमंडळीच जातात. दागिना मात्र बाईचा मोडतो. म्हणून घरातल्या बाईला आधी विचारा. ती सीसी विचारणार नाही. ती विचारील, "महिन्यात किती दिवस चालणार आणि उरलेले दिवस दारात उभी राहून काय खाणार?" इंजिन निवडण्यासाठी याहून नेमका प्रश्न आम्हाला सुचलेला नाही.

आता पाहणीविषयी. एस-२ गाडीला अलॉय चाके लावायची, मागच्या दारावर एमहॉकचे चिन्ह डकवायचे आणि वरच्या मॉडेलच्या भावात खपवायची, हा प्रकार करायला फार भांडवल लागत नाही. बॉनेटकडे किंवा चिन्हाकडे पाहत बसू नका, आर.सी. मागा. त्यावर सीसी छापलेली असते. २५२३ असेल तर ७५ चे इंजिन, २१७९ असेल तर एमहॉक. मग इंजिनावरचा आणि चॅसीवरचा नंबर आर.सी.शी ताडून पाहा. स्टिअरिंगच्या मध्यभागी एअरबॅगची एस.आर.एस. ही अक्षरे आहेत का तेही पाहा, कारण स्वस्त मॉडेलांत एअरबॅगची सोय नसे.

गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधीच बजावा की आमच्यासमोर चालू करायची. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर समजावे की थंड इंजिनाचे काहीतरी दुखणे लपवले जात आहे. थंड इंजिन सुरू होताना एमहॉकमधून साखळी खडखडल्यासारखा आवाज आला आणि तो लवकर थांबला नाही, तर टायमिंग चेनवर संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल खाते. जोर दिला की काळा धूर येत असेल तर नोझल किंवा टर्बोकडे पाहायचे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंटचे पाणी कमी होत असेल तर हेडचे काम निघू शकते. इंजिन चालू असताना ऑईलचे झाकण उघडून पाहा. तिथून धुराचे लोट येत असतील तर दलालाच्या "किरकोळ आहे हो, होऊन जाईल" याला भुलू नका.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला वंगण मिळते ते इंजिनच्याच ऑईलचे. ज्याने ऑईल वेळेवर बदलले नाही, त्याच्या एमहॉकची चमक पाहून पैसे देऊ नयेत. म्हणून सर्व्हिसचा इतिहास मागावा. मालकाला सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरवर गेल्यास तो कळतो, आणि मीटर मागे फिरवलेले असेल तर तेही तिथेच उघडे पडते. आपला मिस्त्री आपण न्यावा, दलालाने आणलेला नको. त्याने गाडीला स्कॅनर लावून संगणकात साठलेले दोष वाचावेत. नंतर पाच-सहा माणसे बसवून गाडी चढावर न्यावी. एकट्याने बसस्थानकापर्यंत चक्कर मारून इंजिन कळत नाही.

नीट राखलेली ७५ ची गाडी आणि हाल झालेली १२० ची गाडी एकाच भावात समोर आली, तर आम्ही डोळे मिटून ७५ ची घ्यायला सांगू. १४० च्या एमहॉकला सहा गिअर असतात, चालवायला ती फारच गोड. पण तिची किंमत पाहता तो विचार आपल्यापैकी फार थोड्यांना परवडेल.

दिल्ली-हरयाणाकडच्या स्वस्त गाड्यांविषयी दोन शब्द. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदी घालण्याचे आदेश हरित न्यायाधिकरणाने दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते उचलून धरले. तेव्हापासून तिकडच्या स्कॉर्पिओ इकडे स्वस्तात येत आल्या आहेत. त्या घेताना तिकडच्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी. आणि इथे नव्याने भरावा लागणारा रस्ता कर हे दोन्ही किमतीत धरले की स्वस्ताई बरीच आटते.

भाड्याने चालवायचीच असेल तर पांढऱ्या पाटीवर भाडे मारू नका. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न पाटीचाच विचारते. गाडीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या व्यवहाराच्या दिवशीच घ्याव्यात आणि विमा नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्यावा.