गोधडी : उन्हाळ्यातला उद्योग

नावे : गोधडी, वाकळ. बंगालची 'कांथा' हिचीच बहीण.

हंगाम : सुगी सरली की हात मोकळे होतात. कडक उन्हात धुतलेली लुगडी लवकर वाळतात आणि पावसाळ्याआधी ऊब तयार होते.

साहित्य : वापरून मऊ झालेली सुती लुगडी, धोतरे, चोळीचे तुकडे, जाड सुई, पक्क्या रंगाचा सुती दोरा.

कृती : थर सुरकुती न पडता अंथरा, कच्चे टाके घाला, मग कडेकडून मध्याकडे धावदोरा घाला.

नक्षी : ठिगळांवर साखळी टाक्याने वेल, मोर किंवा तान्ह्या बाळाचे नाव भरा.

लक्षात ठेवा : दोरा फार ओढू नका, कापड चुरगळते. टाके जवळ घातलेली गोधडी पिढ्यांना पुरते, आजीचा स्पर्श जपते.