पंचावांचून खेळ

आमच्या खानदेशास समुद्र नाहीं. वाळू ती धुळ्याच्या पांझरेची नि जळगांवच्या गिरणेची. तथापि समुद्रतीरावरील वाळूंत खेळल्या जाणाऱ्या ‘अल्टिमेट फ्रिस्बी’ची नियमावली हातीं आल्यापासून ती मनांतून जात नाहीं. हा खेळ 1968 मध्यें अमेरिकेंतील मेपलवूड येथील शाळकरी मुलांनीं काढिला. वाळूवर प्रत्येक पक्षाचे पांच गडी. मैदान 75 मीटर लांब, 25 रुंद. तबकडी हातीं असतां धांवावयाचें नाहीं, फेंकावयाची. प्रतिपक्षाच्या टोंकाकडील 15 मीटरांच्या पट्ट्यांत आपल्या गड्यानें ती झेलली कीं एक गुण, खालीं पडली कीं ती प्रतिपक्षाची. आणि पंच नाहींच! आगळीक ज्यास बाधली त्यानेंच पुकारावी. समोरच्यास अमान्य असल्यास तबकडी पुन्हां फेंकणाऱ्याकडे. सामन्यानंतर उभय पक्ष परस्परांच्या वर्तनासही गुण देतात. जन्मभर शिट्टी फुंकलेल्या आम्हांस हें प्रथम हास्यास्पद वाटलें.

पुष्कळ वर्षांपूर्वीं पांझरेच्या वाळूंत हुतूतूचा सामना होता. ‘गुरुजी, मला शिवलें,’ म्हणून एका मुलानें हात वर केला. आम्हांस तें दिसलें नव्हतें. ‘निर्णय पंचाचा, तूं खेळ,’ असें आम्हीं त्यास दरडावलें. त्याचा पक्ष एका गुणानें जिंकला. पेढे घ्यावयास तो मुलगा आला नाहीं.